सोऱ्या धुवून आण

घाट चढून वर आलं की आधी एक मोठी चिंच दिसायची आणि तिच्यामागे घरं दिसायची, असं एक गाव फार पूर्वी होतं. गावात देऊळ होतं, विहीर होती, तेलाची घाणी होती. शाळा मात्र नव्हती. म्हणून तिथली पोरं अडाणी राहिली असं कुणी समजू नका. त्या गावात घर हीच शाळा. आईबापांना जे येतं ते त्यांनी लेकरांना शिकवायचं, अशी रीत होती. मुलगे बापाबरोबर शेतात शिकायचे आणि मुली आईजवळ चुलीपाशी. मला स्वतःला ही वाटणी काही पटत नाही, पण गोष्ट जशी आहे तशीच सांगायची असते.

घाणीवाल्याला एकच मुलगी होती, वेणू. तिच्या आईसारखी शिकवणारी बाई त्या गावात दुसरी नव्हती. भाकऱ्या थापता थापता ती पाढे म्हणून घ्यायची. डब्यातलं पीठ दाखवून विचारायची, "हे आपल्या तिघांना कधीपर्यंत पुरेल, सांग बघू." गोधडीचे तुकडे जोडताना भागाकार यायचा. तांदूळ निवडून झाले की त्याच सुपात बोटाने अक्षरं काढायची, चुकली की सूप हलवायचं, अक्षर गायब. वेणू हसत हसत शिकायची. भाकरी थापताना ती काहीतरी गुणगुणायची आणि भाकरी गोल झाली की स्वतःवरच खूश व्हायची.

घाटाखाली, दूरच्या शहरात, मुलींची एक पाठशाळा होती. तिथे झाडपाल्याची औषधं शिकवत, आकाशातले तारे ओळखायला शिकवत, मोठमोठ्या पोथ्या वाचायला शिकवत. वेणूला तिथे जायचं होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण तिथे मुलींनी मुलींनीच राहायचं, आपलं आपण रांधायचं, आपलं आपण निभवायचं. म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. जी मुलगी उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने कुरडया करील, आणि जिची कुरडई चिंचेखाली सगळ्यांसमोर तळल्यावर फुलेल, तिचं घरचं शिकणं पुरं झालं. मग तिने खुशाल घाट उतरावा.

कुरडईच का, असं विचाराल. अहो, कुरडईला धीर लागतो. गहू दिवसेंदिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते वाटून पिळून त्यांचा चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग आधणात तो चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. हे सगळं करायचं तेव्हा कुठे सोऱ्यातून तार पडते. मध्ये कुठेही घाई केली की झालं, सगळं मुसळ केरात.

आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. शिकणाऱ्या मुलीने एकाच चुलीवर शिकायचं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकवायचं नाही, दुसऱ्या बाईला विचारायचं नाही. दोन हातांचं शिकलं की पोरीचा गोंधळ होतो, असं जुन्या बायका म्हणत. त्यामुळे वेणूला जे काही यायचं होतं ते आईकडूनच यायचं होतं.

पहिल्या वर्षी वेणू आईच्या शेजारी बसून सगळं बघत होती. चीक आधणात पडला, आईने ढवळायला घेतलं, हळूहळू तो घट्ट व्हायला लागला. तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की सोऱ्या वर्षभर फळीवर पडलेला आहे. ती म्हणाली, "वेणू, जा गं, विहिरीवर जाऊन सोऱ्या धुवून आण."

वेणू पितळेचा सोऱ्या घेऊन पळाली. ती घासून पुसून परत येईपर्यंत आईने पातेल्यावर झाकण ठेवलं होतं, खालचा जाळ ओढून निखाऱ्यांवर चिकाला चांगली वाफ आणली होती, ओला हात लावून तो शिजल्याचं बघितलं होतं आणि झाकण पुन्हा काढूनही ठेवलं होतं. वेणू आली ती थेट सोऱ्यात चीक भरायला बसली. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

दोनचार दिवसांनी आई म्हणाली, "म्हणून दाखव बघू, कुरडया कशा करायच्या." वेणूने घडाघडा म्हणून दाखवलं. गहू भिजवायचे, पाणी बदलायचं, चीक गाळायचा, निवळू द्यायचा, आधणात सोडून ढवळायचा, घट्ट झाला की सोऱ्यात भरायचा.

आईच्या ओठावर आलं होतं, "अगं, मधली वाफ राहिली." पण त्याच वेळी तिची नजर परसदारातून बाहेर गेली. तिथून घाटाची वाट दिसायची. ती स्वतः त्याच वाटेने लग्न होऊन वर आली होती. तिची आई खाली राहिली होती आणि त्यांची पुन्हा कधी भेट झाली नव्हती. या वाटेने गेलेलं माणूस परत येत नाही, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. वेणू गेली तर तीही येणार नाही. मग या घरात पाढे कोण म्हणणार, गुणगुणणार कोण?

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने सांगितलं नाही. म्हणाली, "छान. येतंय तुला."

पुढच्या उन्हाळ्यात वेणूने आपल्या स्वतःच्या कुरडया घातल्या. अंगणात जुन्या लुगड्यावर पांढऱ्या शुभ्र कुरडया बघून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पण त्या वाळल्या आणि ती उचलायला गेली तर हातात तुकडे आले. एक उचलली, मोडली. दुसरी उचलली, तीही मोडली. ज्या थोड्या वाचल्या त्या चिंचेखाली तळल्या तर फुलायचं नावच घेईनात, नुसत्या लाल होऊन दगडासारख्या राहिल्या.

बायकांपैकी कुणी हसलं नाही. शेजारची ठकूकाकू वेणूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे गं. पुढच्या वर्षी." मग तिने वेणूच्या आईकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या हाताखाली शिकून हिला येईना, म्हणजे नवलच." आईने मान खाली घातली.

संध्याकाळी आईने वेणूला जवळ घेतलं, डोक्याला तेल लावलं, डोळे पुसले. ते प्रेम खरं होतं बरं का. पण वेणूच्या केसातून हात फिरवताना तिच्या मनात हेही होतं की अजून एक वर्ष मिळालं.

मोडक्या कुरडयांची भाजी झाली. घाणीवाला बिचारा भला माणूस. "भाजी फक्कड झालीय," म्हणत त्याने ती पावसाळाभर खाल्ली.

पुढच्या वर्षी वेणू म्हणाली, "आई, तू आधी तुझ्या कर, मी बघते. माझं कुठे चुकतंय ते मला कळायला हवं." आईने आपला चीक ढवळायला घेतला. तो घट्ट व्हायला लागला. वेणू डोळ्याचं पातं लवू न देता बघत होती. आई म्हणाली, "सोऱ्या धुवून आण."

"कालच धुतला की गं."

"धूळ बसली असेल. जा."

वेणू गेली. आईचं सांगणं मोडायची तिला सवय नव्हती. ती परत आली तेव्हा आईचा चीक तयार होता, काचेसारखा चकचकीत. दुसऱ्या दिवशी वेणूचा तसा झाला नाही. पुन्हा कुरडया मोडल्या, पुन्हा त्या चिंचेखाली फुलल्या नाहीत. त्या दिवशी वेणू रडली नाही. तिने लुगडं झटकलं, घडी करून ठेवलं आणि भांडी घासायला गेली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आईने गहू काढले तेव्हा वेणूने आपल्यासाठी वेगळे भिजत घातले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाली, "नको आई. माझ्या हातातच नाही ते. मी इथेच राहते तुझ्याजवळ."

हेच तर हवं होतं ना तिला? कितीतरी दिवस आई मनातून हेच मागत होती. पण वेणूचे ते शब्द ऐकून तिला जराही आनंद झाला नाही.

कारण वेणू राहिली खरी, पण कशी राहिली ते ऐका. भाकरी थापताना ती आता गुणगुणत नव्हती. अर्धी थापून झाली की आईच्या तोंडाकडे बघायची. "बरोबर आहे का गं?" मीठ टाकायच्या आधी विचारायची, टाकल्यावर विचारायची. पाढे पाठ होते, तरी मध्येच थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सुपात अक्षर काढायची आणि आईने बघायच्या आत स्वतःच सूप हलवायची. एका कुरडईने तिचं सगळंच शिकलेलं पोखरलं होतं.

एके दुपारी घाणीवाला जेवायला बसला. ताटातली भाकरी उलटीपालटी करून म्हणाला, "अगं, आपली वेणू कुठे गेली?"

"परसात आहे की. धुणं वाळत घालतेय."

"ती नव्हे," तो म्हणाला. आणि खाली मान घालून जेवायला लागला.

आई परसदारात येऊन उभी राहिली. वेणू दोरीवर धोतर टाकत होती, ते सरळ झालं का म्हणून पुन्हा पुन्हा बघत होती. हाक मारली तर लगेच ओ देईल एवढी जवळ. आणि तरी आईला तिची अशी आठवण आली, अशी आठवण आली, की दाराला धरून उभं राहावं लागलं. समोर असलेल्या माणसाची आठवण येणं फार वाईट. दूर गेलेल्याची निदान वाट तरी बघता येते.

तिला स्वतःची आई आठवली. लग्नानंतर निघताना आईने गाडीपर्यंत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि एवढंच म्हटलं होतं, "तुला सगळं येतंय. जा." बस. परक्या गावात पहिली भाकरी करपली तेव्हा तिला ते वाक्य आठवलं होतं. वेणूच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि जवळ कुणी आपलं नव्हतं तेव्हाही तेच आठवलं होतं. आई गेली ती खबर आली, त्या दिवशीसुद्धा ती त्याच वाक्याला धरून उठली होती आणि चूल पेटवली होती. तिच्या आईने तिला जाऊ दिलं होतं, म्हणून तर ती आई इतकी वर्षं तिच्याजवळ राहिली होती. वेणूला आपण काय दिलं?

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप दुसऱ्या पातेल्यात वेणूच्या नावाचे गहू भिजत घातले.

चिकाचा दिवस आला. आई म्हणाली, "आज तू ढवळ. मी नुसती बसते." वेणू नको नको म्हणत होती, पण ढवळायला बसली. तिचा हात चांगला चालत होता, एक गुठळी झाली नाही. चीक घट्ट व्हायला लागला. आणि तो घट्ट झाल्याबरोबर, कुणी काही न सांगता, वेणू उठली. तिने फळीवरचा सोऱ्या काढला आणि विहिरीकडे निघाली.

आईने तिचा हात धरला.

"ठेव तो," आई म्हणाली. "बस खाली. चीक अजून कच्चा आहे."

"घट्ट तर झाला."

"घट्ट झाला, शिजला नाही. जाळ ओढ, झाकण ठेव, वाफ येऊ दे. मग हात ओला करून वरून लाव. हाताला चिकटला नाही की शिजला. मग भर सोऱ्यात."

वेणू झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. दोनदा याच वेळी तुला विहिरीवर पाठवलं."

"मुद्दाम?"

आईला खोटं बोलता आलं असतं. विसरले म्हणाली असती तर वेणूने विश्वास ठेवला असता. "पहिल्यांदा नाही," ती म्हणाली. "मग मात्र मुद्दाम. तू गेलीस तर येणार नाहीस अशी भीती वाटली मला."

वेणूने जाळ ओढला, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि आईकडे न बघता सोऱ्या तिच्यापुढे धरला. "तू जा विहिरीवर. धुवून आण."

आई गेली. सोऱ्या स्वच्छच होता. तरी विहिरीच्या काठावर बसून ती तो घासत राहिली, धूत राहिली, पुन्हा घासत राहिली. घरी परतली तेव्हा वेणू ओला तळहात चिकावर ठेवून बसली होती आणि तिचा हात कोरा निघाला होता. चीक काचेसारखा चकचकत होता. वेणूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती आईशी बोलली नाही.

त्या वर्षी चिंचेखाली वेणूची कुरडई तेलात पडली आणि बघता बघता कढईभर फुलली. ठकूकाकूने स्वतःच्या हाताने पहिली उचलली आणि साऱ्या पोरांना मोडून वाटली. घाणीवाल्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी कनवटीला लावायला निघाला, तेव्हा सगळे हसले. वेणूही हसली. आईशी मात्र तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. पाणी तापलंय. मीठ संपलंय. एवढंच.

निघायचा दिवस आला. गाडी चिंचेखाली उभी होती. वेणू बापाच्या पाया पडली, त्याच्या गळ्यात पडून रडली. मग आईच्या पाया पडली आणि लगेच उठली. आईला खूप बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, परत ये म्हणायचं होतं. पण परत ये म्हणायचा हक्क आपण घालवलाय असं तिला वाटलं. तिने वेणूच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला सगळं येतंय," ती म्हणाली. "जा."

गाडी घाटाला लागली. वळणावर पोरी हटकून मागे बघतात. वेणूने बघितलं नाही.

मग घर मोठं वाटायला लागलं. आई सवयीने तिघांचं पीठ भिजवायची आणि एक भाकरी रोज उरायची. तांदूळ निवडून झाले की सुपात बोटाने वेणूच्या नावातला 'वे' काढायची, मग सूप हलवायची. घाटातून गाडी वर आली की हातातलं काम टाकून चिंचेपर्यंत जायची आणि गाडीवानाला विचारायची. तो म्हणायचा, "पोर मजेत आहे." निरोप काही नसायचा.

"येईल ती," घाणीवाला म्हणायचा.

"कशावरून?"

"येईल म्हणतोय ना."

आपण तिच्या जागी असतो तर आलो असतो का, हे आईचं आईलाच कळत नव्हतं.

उन्हाळा आला. घरोघरी गहू भिजले. आईनेही भिजवले, दोन माणसांना कितीसे लागणार, तरी भिजवले. चिकाच्या दिवशी पहाटेच उठून तिने पहिलं काम काय केलं असेल, तर विहिरीवर जाऊन सोऱ्या घासून धुतला आणि आणून चुलीशेजारी फडक्यावर पालथा घातला. कशासाठी, ते तिने स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नाही.

आधण उकळलं. चीक सोडला. ती ढवळायला लागली. हात भरून आला, धुराने डोळे चुरचुरले, चीक घट्ट व्हायला लागला. तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. कुणीतरी उंबऱ्यात उभं होतं.

"आई," मागून आवाज आला, "सोऱ्या धुवून आणू?"

आईचा हात थांबला नाही, कारण चीक ढवळताना हात थांबवता येत नाही. पण तिला पातेलं दिसेनासं झालं.

"नको," ती म्हणाली. "सकाळीच धुऊन ठेवलाय. तू बस इथे."

वेणूने गाठोडं खाली ठेवलं, पाय धुतले आणि आईला खेटून बसली. तिने आईच्या हातातला दांडा घेतला आणि स्वतः ढवळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पाठशाळेतल्या पोरींना कुरडया शिकवतेय मी. चीक शिजेपर्यंत कुणाला उठू देत नाही."

आईला हसू आलं आणि रडूही आलं. तिने पदराने डोळे पुसले, निखाऱ्यावरचा जाळ ओढला. वेणूने झाकण ठेवलं. मग वाफ येईपर्यंत त्या दोघी तिथेच बसून राहिल्या. वेणू हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच, की लेकराला शिकवताना हातचं राखून शिकवू नये. राखून शिकवलं तर लेकरू घरात राहतं, पण आपलं राहत नाही.